बोनेट चुरगळलं म्हणजे गाडी कच्ची का?

सातारकर: खंबाटकी घाटाखाली आमची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. बोनेट पार चुरगळलं, पण चारही दारं सहज उघडली. बाबा म्हणतात, जुन्या गाड्यांचा पत्रा दणकट होता. खरंय का?

पत्रेवाला: सगळे सुखरूप ना? मग गाडीनं तिचं काम चोख केलं. बोनेटखालच्या दोन लांब पोलादी दांड्या बघा, भात्यासारख्या घड्या पडल्या असतील. त्या मुद्दामच तशा बनवतात, म्हणजे घड्या पडता पडता गाडी जास्त अंतरात थांबते आणि आतल्यांना धक्का कमी बसतो. ताशी ६४ किमी वेगातली गाडी ६० सेंटीमीटरमध्ये थांबली तर सरासरी धक्का गुरुत्वाच्या २७ पट. १० सेंटीमीटरमध्ये थांबली तर १६० पट! बसायच्या जागेचा सांगाडा मात्र कडकच हवा. अभियंते बेला बारेनी यांची ही कल्पना मर्सिडीजनं १९५९ साली रस्त्यावर आणली.

सातारकर: घड्याच आहेत! बाबांना हात लावून दाखवल्या.

वैशाली: त्या दांड्या ठोकून सरळ करू देऊ नका हं, बदलूनच घ्या.