बेनेडिक्ट सोळावे आणि हिटलर यूथ : चौदाव्या वर्षाचा जाब मागायचा का?

वसईकर
पोप बेनेडिक्ट यांचं नाव निघालं की कुणीतरी हटकून म्हणतंच, "ते तर हिटलर यूथमध्ये, म्हणजे नाझींच्या मुलांच्या संघटनेत होते." मला हे अन्यायाचं वाटतं. योसेफ राट्झिंगर (पोप होण्याआधीचं त्यांचं नाव) यांचा जन्म १९२७ चा, जर्मनीतल्या बव्हेरियातला. मार्च १९३९ च्या हुकमाने दहा ते अठरा वयाच्या मुलांना त्या संघटनेत जाणं सक्तीचं झालं. १९४१ मध्ये, ट्राउनश्टाइनच्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) शिकताना, त्यांचंही नाव घातलं गेलं. पुढे फीमध्ये सवलत हवी तर हजेरीचा दाखला लागायचा आणि हा मुलगा जायला तयार नव्हता. गणिताच्या मास्तरांनी, ते स्वतः नाझी असूनही, ते प्रकरण निभावून नेलं. हे सगळं पोप होण्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये त्यांनीच सांगितलंय. वडील पोलिसात, नाझींचे कडवे विरोधक. नात्यातल्या डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाला नाझी घेऊन गेले, तो परत आला नाही. अशा घरातल्या पोराला नाझी म्हणायचं?

निषाद
नाझी कुणीच म्हणत नाही. पण "दुसरा मार्गच नव्हता" हे मी ऐकून घेणार नाही. ऑगस्ट १९४३ बघा. सोळा वर्षांचे राट्झिंगर म्युनिकच्या बाजूला विमानविरोधी तोफखान्यात मदतनीस म्हणून भरती झाले. त्याच महिन्याच्या पाच तारखेला त्याच म्युनिकच्या तुरुंगात वाल्टर क्लिंगनबेकचा शिरच्छेद झाला. वय १९, कॅथलिक. परदेशी रेडिओ ऐकायचा आणि मित्रांबरोबर भिंतींवर विजयाचा 'व्ही' रंगवायचा. मार्ग होता, फक्त तो जिवावर बेतणारा होता.

वसईकर
निषाद, क्लिंगनबेकपुढे मीही हात जोडतो. पण हुतात्मा झाला नाही म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवायचं का? फ्रान्झ येगरश्टेटर घ्या. ऑस्ट्रियातला शेतकरी, छत्तिशीचा, तीन मुलींचा बाप. हिटलरसाठी लढायला नकार दिला म्हणून त्याच ऑगस्टच्या नऊ तारखेला त्याला मारलं. त्याच्या बिशपांनीच त्याला समजावलं होतं की घरादाराचा विचार कर. बिशपांना जे उमगलं नाही ते सोळा वर्षांच्या मुलाला उमगायला हवं होतं? या येगरश्टेटरला २००७ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेही बेनेडिक्ट यांच्याच कारकिर्दीत.

सुमेधा
मुलाला सोडा हो. माझी तक्रार एकोणऐंशी वर्षांच्या माणसाबद्दल आहे. मे २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट ऑशविट्झच्या नाझी छळछावणीला भेट द्यायला गेले. जर्मन लोकांचा पुत्र म्हणून आलोय म्हणाले, आणि पुढे सांगितलं की गुन्हेगारांच्या एका टोळीने खोटी वचनं देऊन सत्ता मिळवली आणि आमच्या लोकांना वापरून घेतलं. म्हणजे टाळ्या वाजवणारे, शेजाऱ्याचं दुकान बळकावणारे लाखो लोक कुठे गेले? त्यावर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्तच होती. २००९ मध्ये तर व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी सांगून टाकलं की ते हिटलर यूथमध्ये कधीच नव्हते! नंतर सारवासारव करावी लागली. जे पोपनी स्वतः कबूल केलं होतं ते नाकारायची ही धडपड कशासाठी?

वसईकर
सुमेधाताई, प्रवक्त्याची चूक पोपच्या माथी नको. त्याच वर्षी ज्यूंचा नरसंहार नाकारणाऱ्या बिशप विल्यमसन यांच्यावरचा चर्चचा बहिष्कार उठवला गेला, तेव्हा मीही अस्वस्थ होतो. पण मार्चमध्ये बेनेडिक्ट यांनी जगभरच्या बिशपांना पत्र लिहून चूक मान्य केली. इतक्या वरच्या पदावरचा माणूस असं सहसा करत नाही.

निषाद
मग वॉर्साचे आर्चबिशप व्हिएलगुस? जानेवारी २००७ मध्ये कम्युनिस्ट गुप्त पोलिसांशी जुने संबंध उघड झाले आणि त्यांना पद सोडावं लागलं. एकाला माफी, दुसऱ्याला शिक्षा?

वसईकर
कारण ते तेव्हा जाणते, शिकलेले होते, आणि आधी त्यांनी साफ नाकारलं. कागद बाहेर आल्यावर कबुली दिली. राट्झिंगर यांना कुणी पकडलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं.

सुमेधा
आपणहून सांगितलं, हे श्रेय त्यांचंच. म्हणूनच ऑशविट्झचं जास्त लागतं. ज्या बीएमडब्ल्यू कारखान्याच्या रक्षणासाठी ती तोफ होती, तिथे डाखाऊ छळछावणीच्या कैद्यांना राबवत होते. ऑशविट्झमध्ये उभं राहून आपल्या त्या वर्षांबद्दल चार शब्द बोलले असते, तर त्यांना कुणी नाझी म्हटलं नसतं. ते तिथे टोळीबद्दल बोलले, स्वतःच्या त्या दिवसांबद्दल नाही. मी जाब मागते तो एवढ्याचाच.