प्रतिसाद: कॉन्डर नुसता नकलाकार नव्हता

रोकुमेइकान या पाश्चात्त्य धाटणीच्या सरकारी अतिथिगृहाकडे बोट दाखवून 'ब्रिटिश वास्तुकार जोसाया कॉन्डरने टोकियोत युरोपची नक्कल उभी केली' असं वर म्हटलंय, ते त्या एका इमारतीपुरतं मान्य. पण ते सरकारी काम होतं आणि सरकारला तेच हवं होतं. १८७७ साली, ऐन पंचविशीत, तो वास्तुकला शिकवायला तिथे गेला आणि पुढे क्योसाई या जपानी चित्रकाराचा रीतसर शागीर्द झाला. गुरूने त्याला 'क्योएई' हे नाव दिलं. क्योसाईच्या चित्रमय रोजनिशीत हा गोरा शिष्य वारंवार दिसतो. स्वतः प्राध्यापक असलेला माणूस दुसऱ्याच्या पायाशी बसून कुंचला धरायला शिकतो, हे मला त्याच्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठं वाटतं.

शिक्षक म्हणूनही तो थोरच. टोकियो स्टेशन (१९१४) बांधणारा तात्सुनो किंगो त्याच्या पहिल्या तुकडीतला. १८८४ मध्ये कॉन्डरची प्राध्यापकाची खुर्ची तात्सुनोकडेच गेली.

आपल्याकडचा धागा इथे कुणी काढला नाही म्हणून सांगतो. कॉन्डर लंडनमध्ये ज्या विल्यम बर्जेस या वास्तुकाराच्या हाताखाली तयार झाला, त्यानेच १८६०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेसाठी आराखडा केला होता. अप्रतिम रेखाटनं आहेत ती, पण ती इमारत कधी बांधलीच गेली नाही.