२००६ची करिझ्मा सॅडलसोरला न्यायचीय, काय काय उघडू?

घोडबंदरचा_वाटसरू:

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो. गाडी २००६ची करिझ्मा, जुनी कार्ब्युरेटरवाली २२३ सीसी, मोठ्या भावाने नवी घेतलेली आणि तो कार घेऊन बसल्यापासून माझ्याकडे आहे. मीटरवर ७८ हजार दाखवतोय पण मधे दोन वर्षं मीटरची वायर तुटलेली होती त्यामुळे खरी किती पळालीय देव जाणे.

डिसेंबरमध्ये सॅडलसोर करायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २४ तासांत १००० मैल म्हणजे १६१० किमी, अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन सर्टिफिकेट देते. रूट विचार केलाय पनवेल - खोपोली - लोणावळा - पुणे - कोल्हापूर - बेळगाव - हुबळी - चित्रदुर्गच्या आसपासपर्यंत आणि तसाच परत. एक्स्प्रेसवेवर आपल्याला बंदी त्यामुळे शिंग्रोबाच्या घाटानेच वर जायचं.

आता मुद्दा. मेकॅनिक म्हणतो इंजिन पूर्ण उघडू, रिंग-पिस्टन, क्लच प्लेट, टायमिंग चेन, कोन सेट (हँडलच्या बेअरिंगा), चेन-स्प्रॉकेट, सगळं नवं टाकू म्हणजे टेन्शन नाही, २२ हजार सांगितलेत. गाडी तशी चालू आहे, रोज घोडबंदरवरून ऑफिसला नेतो, फक्त सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा धूर येतो. पैसे जमवलेत पण मनात धाकधूक आहे. करू का सगळं? आणि राइडच्या किती दिवस आधी करू?


डबलस्टँड:

२२ हजारात अजून एक करिझ्मा येईल भावा, एकीवर जा आणि एकीवर ये 😂


टॅपेटवाले_काका:

मी नेरूळला असतो, ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कंपनीत ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. बाइक १९८२पासून चालवतोय. तुझा मेकॅनिक माणूस वाईट नसेल पण त्याचं ऐकू नकोस.

आमच्याकडे वर्षातून एकदा प्लांटचं शटडाऊन असायचं. सगळे पंप उघडायचे, बेअरिंग-सील बदलायचे, परत बसवायचे. आणि सगळ्यात जास्त फोन कधी यायचे माहितीये का, शटडाऊन संपल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत. जो पंप वर्षभर निमूट चालला तोच उघडल्यावर गळायला लागायचा, कारण कुठेतरी सील तिरकं बसलेलं, कुठे बोल्ट कमी ताणलेला. बाइकचंही तेच. जे नीट चालतंय ते लांबच्या राइडच्या तोंडावर उघडायचं नाही. जे घसरतंय ते शोधायचं आणि तेवढंच करायचं, तेही महिनाभर आधी. शेवटच्या आठवड्यात गाडीला हवा आणि पेट्रोल सोडून काही लावायचं नाही.

आता तुझा धूर. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर निळसर धूर आला आणि मिनिटभरात गेला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, रात्रभर तेल गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या नळीत वरखाली होतो तिच्यातून, खाली झिरपतं. चालवताना रेस पिळल्यावर मागे धूर दिसला तर रिंगा. दोन्हीत खर्चाचा फरक केवढा ते तूच मेकॅनिकला विचार. हे ओळखायला इंजिन उघडावं लागत नाही, मागे मित्राला दुसऱ्या गाडीवर घे आणि त्याला बघायला सांग.

दुसरं म्हणजे तेल किती पिते ते मोज, अंदाजे नको. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं टोपण येतं ना, १० मिलीच्या खुणा असलेलं, ते घे. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर, इंजिन गरम करून बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल. मग एका दमात ३५० किमी मारून ये. परत तशीच उभी कर आणि टोपणाने मोजत मोजत वरच्या खुणेपर्यंत भर. किती टोपणं गेली ते लिही. तुझ्या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर बसतं रे, १६१० किमीत त्यातलं अर्धं उडालं तर परत येताना हुबळीच्या पुढे कुठेतरी हेड वाजायला लागेल.


ऐरोली_सिंगल:

काका बरोबर बोलतायत. माझा अनुभव सांगतो, मी २०१९ला जुन्या १५० वर गेलो होतो, उत्तरेकडून, घोडबंदर - सुरत - अहमदाबाद - उदयपूर. निघायच्या आदल्या संध्याकाळी एका गॅरेजवाल्याने सांगितलं क्लच वायर जुनी झालीय टाकून देतो नवी, मी पण म्हटलं टाक. वलसाडच्या पुढे तुटली. जुनी पाच वर्षं चालली होती आणि नवी २०० किमी पण नाही गेली, लिव्हरच्या टोकाचा शिशाचा गोळाच सुटून आला. सगळ्यात वाईट म्हणजे जुनी वायर त्याच्याकडेच कचऱ्यात टाकून आलेलो. क्लचशिवाय गिअर टाकत टाकत एक गाव गाठलं आणि तिथून परत, सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात.

तेव्हापासून एक करतो. नवी वायर घेऊन जुनीच्या बाजूने टाकीखालून घालून ठेवायची, दोन्ही टोकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टेपने बांधायची. तुटली तर टाकी काढायची गरज नाही, फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. अ‍ॅक्सिलरेटरची वायर पण तशीच घालून ठेव.

आणि टायरवरचा आकडा बघ, चार अंकी असतो. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. गोटे कितीही शाबूत दिसले तरी रबर कडक झालं असेल तर बदल, हे मात्र नवं टाकायलाच हवं.


वाशी_खाडीपूल:

सगळे इंजिनच्या मागे लागलेत, चार्जिंगचं कोणी बोललं नाही. करिझ्माला किकच नाहीये, सेल्फ मेला की खेळ खल्लास, ढकलस्टार्ट. मल्टीमीटर घे, बॅटरीच्या टर्मिनलला लाव, हेडलाइट आणि मोबाइल चार्जर दोन्ही चालू ठेवून चार-पाच हजार आरपीएमला बघ. १३.८ ते १४.४ व्होल्ट पाहिजे. १३च्या खाली असेल तर आरआर युनिट (चार्जिंग सांभाळणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा करंट तयार करणारी मॅग्नेट कॉईल, पण त्याच्याआधी त्यांच्या मधला प्लॅस्टिकचा कनेक्टर उघडून बघ, जुन्या गाड्यांत तो करपून तपकिरी झालेला असतो आणि लोक उगाच नवं युनिट घेतात.

दुसरं पेट्रोल. आता सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं आणि तुझी गाडी त्यासाठी बनलेलीच नव्हती. कॉकचं रबर, पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरच्या वाटीचं पॅकिंग, हे सगळं फुगतं नाहीतर कडक होतं. नळी बोटाने दाबून बघ, लाकडासारखी लागली तर बदल. स्वस्तातली कामं आहेत, पण रात्री दोनला गरम इंजिनवर पेट्रोल टपकायला लागलं तर स्वस्तातलं राहत नाही.

आरसी पण बघ रे. २००६ची गाडी म्हणजे १५ वर्षं २०२१ला संपली, रिन्यू पाच वर्षांचंच मिळतं. राइडच्या तारखेला व्हॅलिड आहे ना? पीयूसी, इन्शुरन्स, नवी नंबर प्लेट, बेळगावच्या पुढे एमएच नंबर दिसला की थांबवू शकतात.


कळव्याची_काकू:

मी चालवत नाही, मुलगा चालवतो म्हणून वाचते इथे. तुम्ही सगळे टॅपेट आणि वायरी बोलताय, माणूस २४ तास झोपणार नाही त्याचं काय? पहाटे तीन-चारला डोळा लागतो तेव्हा नवी गाडी असो की जुनी, काय फरक पडतो?


ऐरोली_सिंगल:

काकू बरोबर आहे तुमचं. म्हणूनच हिशोब आधी करायचा असतो. १६१० भागिले २४ म्हणजे थांबे धरून ताशी ६७ पडतात. हायवेला बाइकला कायद्याने मर्यादा ८०ची, म्हणजे चालताना ७५चा अ‍ॅव्हरेज पडला तरी खूप झालं, त्यात साडेएकवीस तास गेले, उरले अडीच. नवशिके ते अडीच तास चहा, फोटो आणि मिसळीत घालवतात आणि मग भरपाईला गाडी पळवतात. त्यापेक्षा पाच वेळा पेट्रोल, प्रत्येकी दहा मिनिटं, त्यातच लघवी-पाणी, म्हणजे दीड तास राहतो झोपेला. पंपावर हेल्मेट उशाला घेऊन अलार्म लावून पडायचं. तरीही डोळे जड झाले तर सर्टिफिकेट सोडायचं आणि झोपायचं, पुढच्या वर्षी परत.

@वाटसरू तुझ्या रूटला अडीच तास पण उरतील का शंका आहे. सातारा ते कागल रुंदीकरणाची डायव्हर्जन आहेत, ताशी ४०ने जावं लागतं काही ठिकाणी. आणि धारवाड-हुबळी बायपास अंधारात नको, अरुंद असायचा आणि समोरून ट्रक, आता कसा आहे ते बघून घे. पहाटे तीनला निघालास तर तिथे जाताना दिवस मिळेल पण येताना रात्र होईल, ते बघ. गुजरातच्या बाजूला घोडबंदर ते अच्छाड काँक्रीट झालाय, पुढेही रस्ता रुंद आहे. फक्त बडोदा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर चढू नकोस, तिथेही बाइकला बंदी.


घोडबंदरचा_वाटसरू:

तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी. सगळ्यांचे आभार, काका तुमचे खास.

टोपणाचा प्रयोग केला. ठाणे - नाशिक आणि परत, मधे इगतपुरीला तासभर टाइमपास, एकूण ३४० किमी. घरी येऊन भरायला बसलो, दहा टोपणं झाली, बारा झाली, चौदा टोपणांनंतर खुणेवर आलं. १४० मिली! बायको गॅलरीतून बघत होती, म्हणाली गाडीला खोकला झालाय का. मित्र मागे होता, रेस पिळल्यावर धूर नाही, फक्त उतारावर रेस सोडून परत दिली की भसकन येतो.


टॅपेटवाले_काका:

मग सीलच. उतारावर रेस सोडली की आत व्हॅक्यूम होतो आणि गाइडमधून तेल ओढलं जातं. हेड उतरवून सील टाक, गाइड ढिले आहेत का तेवढं बघायला सांग. सिलिंडरला हात लावू देऊ नकोस.


घोडबंदरचा_वाटसरू:

केलं काका, मेकॅनिक थोडा नाराज झाला पण केलं. परत ३४० किमी मारले, आता तीन टोपणं. कनेक्टर पण खरंच करपलेला निघाला, एक पिन हात लावल्यावर तुटून हातात आली, नवा सोल्डर करून घेतला, आता १४.१ व्होल्ट. पेट्रोलची नळी आणि वाटीचं पॅकिंग बदललं, मागचा टायर २०१६चा निघाला तो फेकला. सीटचा फोम बसलेला होता तो भरून घेतला. चेन-स्प्रॉकेट, क्लच, कोन सेट काहीच उघडलं नाही. सगळं मिळून साडेसात हजार.

रूट बदलला, उदयपूरकडे जातोय. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे तीनला घराजवळच्या पंपावरून सुरुवात. पावती तिथलीच चालेल ना?


ऐरोली_सिंगल:

चालेल, पण त्यावर तारीख, वेळ आणि ठिकाण तिन्ही छापलेलं पाहिजे. जिथून परत फिरशील तिथली पावती पण विसरू नकोस, ते लोक मीटरवर विसंबत नाहीत, पावत्यांच्या ठिकाणांमधलं अंतर नकाशावर मोजतात. म्हणून १६१० नाही, १६६० धरून चाल.


वाशी_खाडीपूल:

आणि निघायच्या आधी त्या पंपावर एकदा जाऊन पन्नासचं पेट्रोल भरून पावती बघून ये. माझ्या वेळेस पंपाचं मशीन घड्याळात १२ तास मागे होतं, पहाटे चारला भरलं आणि पावतीवर आदल्या दिवशीचे दुपारचे चार. शेवटी बाजूच्या एटीएममधून शंभर रुपये काढून त्याची स्लिप लावली.