इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटर (घरी जाऊन बाळ-आईची तब्येत बघणारी नर्स) व्हायचंय, डिग्री पुन्हा करावी लागते का?

प्रश्न: नमस्कार, मी नाशिकची, ३ वर्षं झाली इकडे, लहान मुलांच्या वॉर्डला बँड ५ (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतली पगाराची श्रेणी) नर्स आहे. आता हेल्थ व्हिजिटर व्हायचंय, परत पहिल्यापासून शिकायचं का?

उत्तर: नाही गं, एनएमसी (इथली नर्सिंग कौन्सिल) रजिस्ट्रेशन आहे ना, मग एससीपीएचएन (नर्ससाठीचा सार्वजनिक आरोग्याचा पुढचा) कोर्स कर, फुल टाइम साधारण १ वर्ष, अर्धं युनिव्हर्सिटीत आणि अर्धं प्रत्यक्ष कामावर. स्टुडंट हेल्थ व्हिजिटरच्या जाहिराती बघत राहा, त्यात फी पण भरतात आणि पगारही मिळतो. नंतर बँड ६.

उत्तर: ड्रायव्हिंग लायसन्स आधी काढ, बऱ्याच ठिकाणी मागतात.

उत्तर: वॉर्डपेक्षा काम फार वेगळंय. बाळ १०-१४ दिवसांचं झालं की घरी जायचं, मग ६-८ आठवड्यांचं झालं की परत. वजन घेणं सोपं गं, पण आई "ठीक आहे" म्हणते आणि डोळे भरलेले असतात तेव्हा गप्प बसून ऐकायचं, हे शिकायला मला वेळ लागला. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना माहेरी, इथे कित्येक जणी दिवसभर एकट्या असतात.

प्रश्नकर्ती: थँक्यू ताई, हेच काम करायचंय मला. लायसन्सचा फॉर्म आजच भरते.