जेडला चमचाभर खत घातलं आणि पानं गळायला लागली

तिसरा_मजला (२३ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. एक गुन्हा कबूल करायचाय आणि त्यावर उपायही हवाय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याच बिल्डिंगमधल्या सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी वाण म्हणून जेडची रोपं दिली. चार इंची कुंडी, वीतभर उंची, सगळ्यांना सारखीच. गाळण्या आणि प्लॅस्टिकचे डबे घरी नेऊन कंटाळलेल्या आम्ही सगळ्या खूश! गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले तर त्यांचं रोप हे गच्च, कुंडीबाहेर ओसंडलेलं. माझं मात्र नुसतं लांबलंय. दोन पानांमध्ये बोटभर अंतर, आणि तोल जाऊन ग्रिलला टेकलेलं. विचारलं, "काय घालता हो?" तर म्हणे, "काही नाही." खरं सांगते, मला पटलं नाही. लोणच्याचा मसाला विचारला तरी एक जिन्नस गाळून सांगणाऱ्यातल्या आहेत त्या.

आमच्या घरात कोणी सुकलं की आधी खायला घालायचं, हा नियम. तो झाडालाही लावला. आधी चहाचा चोथा घातला, मग केळीच्या सालींचं पाणी. त्याने झाडाला काही झालं नाही, पण हॉलभर चिलटं झाली. मग आठवलं की मे महिन्यात गुहागरहून येताना दिरांकडून १५:१५:१५ या दाणेदार खताची एक पुडी मागून आणलीय. तिकडे कलमांना किलोने घालतात, मग याला चमचाभर काय होतंय? चहाचा एक चमचा दाणे मातीवर पेरले आणि वर पाणी घातलं.

पाचव्या दिवशी कुंडी पुसायला उचलली आणि टपटप पानं खाली. हिरवी, धडधाकट दिसणारी पानं! आता खालच्या फांद्या बोडक्या झाल्यात, दोन शेंडे काळे पडलेत, मातीवर मिठासारखा पांढरा थर आलाय. काही दाणे अजून तसेच फुगून बसलेत. पार्ल्यात राहते, खिडकी दक्षिणेची. वाचेल का?

निवडुंग_७

ताई, आधी एक सांगा. पानं करंगळीच्या नखाएवढी आणि खोड तांबूस आहे, की पानं अंगठ्याच्या पेराहून मोठी, जाड, चकचकीत?

विचारायचं कारण, आपल्याकडे "जेड" म्हणून दोन वेगळी झाडं विकतात. मोठ्या पानाचं ते क्रासुला. लहान पानाचं ते पोर्टुलाकारिया, जे आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात. मूळ दोघांचंही दक्षिण आफ्रिकेतलं, पण स्वभाव वेगळा. क्रासुला मुंबईच्या दमट हवेत कुरकुरतं. पोर्टुलाकारिया चिवट, तुटलेल्या काडीपासूनही उगवतं.

कोणतंही असलं तरी आज पाणी घालू नका. वरून धुऊन काढू असंही मनात आणू नका, कारण दाणे आत आहेत तोवर ते विरघळतच राहणार, आणि या हवेत ती माती आठवडाभर वाळायची नाही. सरळ उपटा.

बाल्कनीवाली_मावशी

म्हणून रासायनिक वापरूच नये गं! अंड्याची टरफलं, कांद्याच्या सालींचं पाणी, ताक. सेंद्रियाने कधी अपाय होत नाही.

चेंबूरचा_नाना

मावशी, ताक पोळीबरोबर बरं. कुंडीत घातलं की वास, बुरशी आणि माश्या. टरफलं विरघळायला वर्ष जातं, तोवर मुंग्यांची सोय होते. आणि ओलं शेणखत घालून मुळं सडवलेले मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे सेंद्रियाला पापमुक्त समजू नका.

आता ताई, तुमचा हिशेब. माझी सगळी नोकरी खताच्याच कारखान्यात झाली, म्हणून राहवत नाही. पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), यांचं शेकडा प्रमाण. चहाचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम धरा. त्यात १५ टक्के नत्र, म्हणजे ७५० मिलिग्रॅम. आम्ही असल्या झाडांना देतो ते १९:१९:१९ हे पाण्यात पूर्ण विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आणि त्यातलं एका लहान कुंडीला १०० मिली. म्हणजे खत ५० मिलिग्रॅम, त्यातलं नत्र साडेनऊ मिलिग्रॅम. तुम्ही एका दमात जवळजवळ ८० पट वाढलंत.

पानं का गळली? कोशिंबिरीला काकडी चोचवून मीठ लावलं की पाणी सुटतं, तेच. मातीत क्षार इतके झाले की मुळांना पाणी ओढता येईना, उलट मुळांतलंच बाहेर यायला लागलं. तुम्ही झाडाची कोशिंबीर केलीत.

दिरांचं खत चांगलंच आहे. ते एकरातल्या मातीसाठी, वाटीभर मातीसाठी नाही.

तिसरा_मजला

नाना, कोशिंबिरीवर घरात सगळे हसले, मी सोडून.

पानं नखाएवढी आहेत, खोड तांबडं. म्हणजे हत्तीवालं. आज उपटलं. मुळं अर्धी तपकिरी, ओढली की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. वास नाही. काही मुळं पांढरी आहेत. पुढे?

निवडुंग_७

वास नाही हे चांगलं. माती झाडून टाका, मुळं नळाखाली धुवा, तपकिरी सगळी कापा. वरून हिरव्या फांद्यांचे सहा-सात तुकडे घ्या, बोटाएवढे. ते मोठ्या झाडाचा विमा. सगळंच वर्तमानपत्रावर सावलीत पसरा, पंख्याच्या हवेत. तीन-चार दिवस. कापलेली जागा वाळून तिच्यावर पापुद्रा यायला हवा. मगच लावा, कोरड्या मिश्रणात, आणि पाणी त्यानंतर पाच-सहा दिवसांनी.

मिश्रणाला दोन वाटे जाड वाळू किंवा विटांचे चण्याएवढे तुकडे, एक वाटा माती, एक वाटा गांडूळखत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मूठभरच, ते ओल धरून ठेवतं. वाळू हार्डवेअरवाल्याकडून घ्या, चाळून धुवा. चौपाटीवरची आणू नका. हसू नका, आणणारे आहेत.

दक्षिणेच्या खिडकीत ऊन किती तास येतं?

तिसरा_मजला

येत होतं. मार्चपासून समोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर चढतोय, आता हिरव्या जाळीसकट आमच्या वर गेलाय. दुपारी साडेबारालाही दिवा लावून भाजी चिरते.

निवडुंग_७

मग तुमचं झाड उपाशी नव्हतंच. ते उजेड शोधत लांबत होतं. दोन पानांतलं अंतर वाढणं ही उजेड कमी असल्याची खूण. भुकेलं झाड असं धावत नाही. ते जागच्या जागी थांबतं, आधी खालची पानं फिकट होतात. अंधारात लांबणाऱ्या झाडाला खत घातलं तर आणखी लांब, आणखी लुसलुशीत होतं, आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, येतात.

सगळा दोष टॉवरवर टाकू नका मात्र. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन तसंही मिळत नाही. वर ढग. पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी आहे का?

तिसरा_मजला

स्वयंपाकघराची पूर्वेची आहे. तिथे तुळस असते. सरकवते तिला जरा.

चेंबूरचा_नाना

खताचं वेळापत्रक एकदाच सांगतो. जून ते सप्टेंबर बंद. ऊन नसतं, माती वाळत नाही, झाड खात नाही. ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एकदा, अर्धा ग्रॅमवालं. एप्रिल-मेमध्ये झाड जोमात असेल तर एखादा हात, नाहीतर नाही. खत द्यायच्या आधी माती साध्या पाण्याने ओली हवी, कोरड्या मुळांवर कधीच नाही. नवीन मिश्रणात गांडूळखत असेल तर पहिले दोन-तीन महिने काहीच नको.

अर्धा ग्रॅम मोजायला सोनाराकडे जायला नको. एक लिटरच्या बाटलीत ५ ग्रॅम विरघळवा. त्यातलं १०० मिली घ्या, पाणी घालून एक लिटर करा. झालं. उरलेलं आणखी पातळ करून जास्वंदीला, मोगऱ्याला. बाटलीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडे एका पाहुण्याने सरबत समजून झाकण उघडलं होतं.

तिसरा_मजला (१७ नोव्हेंबर)

उशिरा लिहितेय. आधी गणपती, मग दिवाळी.

मोठं झाड गेलं. पंधरा दिवस तग धरला आणि मग खोड बुडाशी पिचकलं. सहा तुकड्यांपैकी चार लागले. तिसऱ्या आठवड्यात एकाला हळूच ओढून पाहिलं तर धरून बसलेलं. आता शेंड्याला तीळभर पानांच्या जोड्या फुटल्यात, आणि त्या इतक्या जवळजवळ की मध्ये नखही शिरणार नाही. सकाळी साडेसात ते दहा ऊन मिळतं. तुळस रुसली नाही.

सातव्या मजल्यावर फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा वहिनींची कुंडी नीट पाहिली. एसीच्या बाहेरच्या खोक्यावर ठेवलीय. टॉवर अजून त्यांच्या उंचीला आलेला नाही, त्यामुळे अख्खं ऊन. खरंच काही घालत नाहीत हो. पाणीसुद्धा आठवलं तर. मी मनातल्या मनात माफी मागितली. चिवड्याचा मसाला मात्र या वेळीही अर्धाच सांगितला त्यांनी.

नाना, १९:१९:१९ आणलंय, बाटली भरून लेबलही लावलंय. हात शिवशिवतायत. पहिला डोस कधी देऊ?

चेंबूरचा_नाना

गांडूळखत घातलंय ना? मग जानेवारीत बघू. बाटलीतलं पातळ करून जास्वंदीवर ओता.