शब्दचर्चा : गोष्ट ऐकताना म्हणतात त्या 'हूं'ला मराठीत काय म्हणायचं?

ठाकुरद्वारची
एक अडचण आहे, आणि गुरुवारपर्यंतच वेळ आहे.

आमच्या गिरगावातल्या वाचनालयाने श्रावणात चार शनिवार तोंडी गोष्टींचा कार्यक्रम ठेवलाय. हातात कागद नाही, पडदा नाही, नुसतं बसून सांगायचं. पत्रकावर एक राजस्थानी म्हण टाकावी असं माझ्या मनात आलं : 'फौज में नगारो, बात में हुंकारो'. तिकडे रात्री 'बात' सांगायला बसतात तेव्हा ऐकणाऱ्यांतला एकजण वाक्यावाक्याला 'हूं' म्हणत राहतो. तो थांबला की सांगणाराही अडतो. मी सरळ लिहिलं, 'फौजेत नगारा, गोष्टीत हुंकार'. समितीतल्या एका काकांनी लाल पेनाने 'हुंकार'भोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं : 'गोष्ट आहे की प्रचारसभा?'

आता माझी आजी. मूळची संगमेश्वरची, पण उभा जन्म ठाकुरद्वारच्या चाळीत गेला. दिवे गेले की गोष्ट सांगायची आणि मध्येच थांबून दरडावायची, 'हुंकार कोण देणार, तुझा आजा?' म्हणजे शब्द मी घरात ऐकलाय. काका म्हणतात, हा वापर हिंदीतून आलेला. आजीचं हिंदी भाजीवाल्याच्या पुढे गेलं नव्हतं.

तुमच्या घरी काय म्हणायचे?

शब्दवेल्हाळ
काकांचं बरोबर आहे. हुंकार म्हणजे क्रोधाचा, सामर्थ्याचा उद्गार. दुर्गासप्तशतीच्या सहाव्या अध्यायात अंबिका धूम्रलोचन राक्षसाला नुसत्या हुंकाराने जाळते : 'हुंकारेणैव तं भस्म सा चकाराम्बिका ततः'. तुमच्या आजींना नातवंडांकडून एवढी अपेक्षा नसावी.

आणि परराज्यात शब्द शोधायला जायचंच कशाला? ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय काढा. 'तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे ।' अवधान देणे. सातशे वर्षांहून जुना, घरचा, स्वच्छ शब्द. 'फौजेत नगारा, गोष्टीत अवधान.' झालं काम.

कुर्ला_स्लो
वेल्हाळराव, अवधान गप्प बसून देता येतं. इथे आवाज हवाय. तुमचं वाक्य शाळेच्या फळ्यावर शोभेल.

खाजावाला
शब्दाचं मला विचारू नका, पण वस्तू माझ्या ओळखीची आहे.

माझे मोठे काका लालबागला गिरणीत होते. एका खोलीत गावचे वीसेक जण, पाळीप्रमाणे झोपायचे. रात्रपाळीवाले गेले की जागा व्हायची, मग अंधारात कोणीतरी दशावतारातलं आख्यान सुरू करायचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच. आज कोणतं आख्यान, कोण कोणतं सोंग घेणार, एवढं ठरलं की पुढचं तोंडावर. त्यामुळे या लोकांना तोंडी रचायची सवय. काका सांगायला लागायचे तेव्हा पहिली अट : 'हूं म्हणीत ऱ्हव, नायतर तू निजलस असा समजान मी गप बसतलंय.'

अंधारात समोरचं तोंड दिसत नाही. जागा आहे की झोपला, घाबरला की कंटाळला, सगळं त्या एका 'हूं'वरून कळायचं. काका म्हणायचे, राक्षस आला की हूं बारीक होतो. मग ते मुद्दाम राक्षसाला दोन मिनिटं जास्त उभं करायचे. नाम आमच्याकडे नव्हतं, नुसतं 'हूं म्हण'.

अनुनासिक
खाजावाल्यांच्या काकांना जे ठाऊक होतं ते प्रयोगशाळेतही सापडलंय. कॅनडात जॅनेट बॅव्हेलास आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने दुसऱ्याला आपल्यावर बेतलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप दुसरंच काम दिलेलं, सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'टी'ने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजायचे. असा ऐकणारा समोर असला की सांगणाऱ्याची गोष्टच बिघडायची, आणि सगळ्यात जास्त बिघडायचा तो शेवट. ऐन धोक्याच्या जागी माणूस चाचरतो, तेच तेच सांगतो, 'म्हणजे तसं काही झालं नाही म्हणा' असं काहीतरी पुटपुटतो. ऐकणारा हा सहनिवेदक आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

शब्दाबद्दल : जपानीत याला 'आयझुची' म्हणतात. मूळ अर्थ लोहाराच्या घणाला साथीदाराने आळीपाळीने दिलेला घाव. ऐरणीवर तापलेलं लोखंड आणि दोघांचे घाव. याहून चांगली प्रतिमा माझ्या पाहण्यात नाही.

कुर्ला_स्लो
हे झकास. पण 'फौजेत नगारा, गोष्टीत घण' छापलं तर पोरं घेऊन कोणी येणार नाही.

माझं मत 'री'ला. री ओढणे. मूळ गाण्यातलंच ना? शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी रं जी' करतात, तीच जात. लाल बावटा कलापथकाचे पोवाडे परळच्या मैदानात ऐकलेले लोक आमच्या चाळीत होते. ते सांगायचे, शाहीर श्वास घेतो तेव्हा झीलकरी गोष्ट धरून ठेवतो.

शब्दवेल्हाळ
री ओढणे आता कुचेष्टेने म्हणतात. साहेबाची री ओढणारा. आणि झील गाण्यातली, ती आधी बसवलेली असते. 'हूं' कोणी बसवत नाही.

कुर्ला_स्लो
कुचेष्टा चालत नाही, मग 'अवधान' वापरणारा जिवंत माणूस दाखवा. 'कृपया अवधान द्या' असं माझ्या लोकलमध्ये कोणी म्हणालं तर लोक पाकीट चाचपतील.

मंगळागौर६४
भांडू नका रे. मला वेगळंच आठवलं.

श्रावणातल्या रविवारची आदित्यराणूबाईची कहाणी आठवते का? राणीला कहाणी सांगायची असते, पण ऐकायला उपाशी माणूस हवा. मिळतो तो मोळीविक्या. तो म्हणतो, तुझी कहाणी ऐकून मी काय करू, माझं पोट भरायला पाहिजे. मग ती सहा मोती घेते, तीन त्याला देते, तीन आपण घेते. 'मनोभावे कहाणी सांगितली, चित्तभावे त्याने ऐकली.' आणि मोळी सोन्याची होते. कोणाची? ऐकणाऱ्याची!

आई आम्हाला अक्षता हातात धरून बसवायची. मूठ सैल पडून दाणे सांडले की पाठीत धपाटा. तेव्हा हुंकार वगैरे नव्हतं, अक्षताच.

आणखी एक, दिवसा गोष्ट मागितली की आई म्हणायची, 'दिवसा सांगितली तर मामा वाट चुकतो.' माझा मामा बेस्टमध्ये कंडक्टर होता. तो कुठे चुकणार, पण आम्ही घाबरायचो.

अनुनासिक
मामाचा मार्ग क्रमांक ठरलेला होता, पण आई बरोबर होती. कलाहारीतल्या जुहोआन्सी लोकांची संभाषणं पॉली विस्नर यांनी नोंदवली, लेख २०१४चा. दिवसाच्या बोलण्यात गोष्टी जेमतेम ६ टक्के, बाकी बरंचसं पोटापाण्याचं आणि एकमेकांच्या तक्रारींचं. रात्री शेकोटीपाशी ८१ टक्के गोष्टी. उजेड गेला, कामं थांबली की तक्रारही मिटते.

कुर्ला_स्लो
आमच्या सोसायटीच्या ग्रुपला हे लागू नाही. तिथे रात्रीच तक्रारी.

शब्दवेल्हाळ
पत्रकावर सांगणाऱ्याला काय म्हटलंय हे कोणी विचारलंच नाही. 'स्टोरीटेलर' छापलं असेल तर मी येणार नाही, आधीच सांगतो. 'कथेकरी' आहे ना आपल्याकडे.

ठाकुरद्वारची
'गोष्ट सांगणारे' असं लिहिलंय, सर. कथेकरी म्हटलं की लोकांना दादरच्या विठ्ठल मंदिरातलं कीर्तन आठवतं. पूर्वरंग, उत्तररंग, बुक्का. आणि 'कथाकथन' म्हटलं की मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर. तिथे कथा आधी लिहिलेली असते. आमच्याकडे तसं नाही.

माझा प्रश्न 'हूं'चा होता. आज मंगळवार आहे.

खाजावाला
हूं.

कुर्ला_स्लो
मंगळागौरताई, कहाणीचा विषय काढलात म्हणून. 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' यातलं उत्तर म्हणजे नक्की काय? लहानपणापासून मला वाटायचं, कोणीतरी साठ प्रश्न विचारलेत.

शब्दवेल्हाळ
जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल, वचन. पोथ्यांतून 'ऐकोनि उत्तर' येतं तेव्हा तो जबाब नसतो, बोलणं असतं. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आटोपली, असा साधा अर्थ. सांगणारीला स्वयंपाक असतो.

खाजावाला
उत्तर म्हणजे ऐकणाऱ्याचा हूं का नसेल? सांगणारी बोलते, ऐकणारी उत्तर देते. साठ हूं लागतील एवढी कहाणी पाच हूंमध्ये संपवली. मग ठाकुरद्वारच्या बाईंना शब्दही मिळाला : 'फौजेत नगारा, गोष्टीत उत्तर'.

शब्दवेल्हाळ
कशाला काहीही आधार लागत नाही का इथे? मग 'आटपाट नगर'सुद्धा विरारच्या पुढचं स्टेशन म्हणा.

कुर्ला_स्लो
आटपाट म्हणजे पाट आटलेलं नगर. पाणीकपात. मुंबईच आहे ती, जून महिन्यातली. (हलके घ्या.)

मंगळागौर६४
वडील सांगायचे आट-पाट म्हणजे लांबरुंद, पाटासारखं पसरलेलं. शेजारचे जोशीबुवा म्हणायचे आठ पेठांचं. दोघं त्यावरून वर्षभर बोलत नव्हते.
खाजावाल्यांचं मला पटलं. सिद्ध करता येणार नाही, पण पटलं.

शब्दवेल्हाळ
पटणं ही व्युत्पत्ती नव्हे.

अनुनासिक
मला एक शंका आहे. 'हुंकार'चे दोन अर्थ एकाच वेळी नांदू शकत नाहीत का? 'हुं' नाकातून येतो, धमकीचाही आणि होकाराचाही. चढता की उतरता, लांब की तोकडा, एवढाच फरक. कागदावर तो फरक लिहिता येत नाही म्हणून भांडण. ठाकुरद्वारची आजी तोंडाने म्हणाली तेव्हा कोणाला धूम्रलोचन आठवला नाही.

ठाकुरद्वारची
पत्रक आज आलं. मी शेवटी 'हुंकारा' लिहून दिलं होतं, काना मुद्दाम ठेवून, म्हणजे निदान गर्जना वाटणार नाही. मुद्रितशोधकांनी काना काढला. मग काकांनी पाहिलं आणि सगळी म्हणच काढली. त्या जागी 'चहा-बिस्किटांची सोय आहे' असं छापलंय.

शनिवारी संध्याकाळी साडेसहा. खाजावाले, याल ना? पुढच्या रांगेत एकजण तरी हवा.

खाजावाला
येतो. चर्चगेट बाजूने की चर्नी रोडला उतरू?

शब्दवेल्हाळ
माझा मुद्दा राहिलाच. 'साठा उत्तराची' की 'साठां उत्तरांची'? जुन्या छापील प्रतीत अनुस्वार आहे का, कोणी बघून सांगेल?

मंगळागौर६४
आईचं पुस्तक आहे माझ्याकडे, पण माळ्यावर. गणपतीची मखर काढताना माळा उघडेल तेव्हा बघते.