जॉश गिब्सन टाय कॉबच्या पुढे, पटतंय का तुम्हाला?

डगआऊट:
डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल संघटना) जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग्ज (मेजर लीगमध्ये येऊ न दिलेल्या ब्लॅक खेळाडूंच्या लीग्ज; नाव त्या काळातलं आहे, म्हणून तसंच लिहितोय) मेजर लीग म्हणूनच धरायच्या. मग मे २०२४ मध्ये तिथल्या २३०० हून जास्त खेळाडूंचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये आले आणि करिअर बॅटिंग ॲव्हरेजमध्ये (बॅटिंगच्या दर संधीमागे किती हिट्स म्हणजे यशस्वी फटके, ते प्रमाण) इतकी वर्षं पहिला असलेला टाय कॉब (.३६७) खाली गेला, वर आला निग्रो लीग्जमधला जॉश गिब्सन (.३७२). माझं मत सरळ आहे, हे पन्नास वर्षं आधी व्हायला हवं होतं. १९६९ ला कुठल्या जुन्या लीग्ज मेजर धरायच्या हे ठरवायला कमिटी बसली होती, तिने सहा लीग्ज मान्य केल्या, त्यात १८८४ ची युनियन असोसिएशन पण आहे, जी एकच सीझन चालली आणि तीही मधेच टीम्स बंद पडत पडत. तिला मान मिळाला आणि ब्लॅक लीग्जचा साधा विचारही झाला नाही.

आकडेमोड:
खेळाडूंबद्दल आदर आहेच, गिब्सन १९७२ पासून हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचं मानाचं दालन) आहे आणि तिथे असायलाच हवा. पण आकडे एकाच यादीत टाकणं मला मान्य नाही. कॉब ३००० हून जास्त मॅचेस खेळलाय, गिब्सनच्या ज्यांची नोंद सापडली अशा मॅचेस सहाशेच्या आसपास. १९४३ चं त्याचं .४६६ आता एका सीझनचं सर्वोच्च ॲव्हरेज झालंय, आधी ह्यू डफीचं १८९४ चं .४४० होतं. सीझन छोटा असला की ॲव्हरेज फार वर किंवा फार खाली जाऊ शकतं, हे गणित आहे, रंगाचा संबंध नाही. वेगळी यादी करा, तितक्याच मानाने छापा.

डगआऊट:
@आकडेमोड, सीझन छोटा का होता ते पण बघा ना. बहुतेक टीम्सकडे स्वतःचं मैदान नव्हतं, गोऱ्या टीम्सची स्टेडियम्स ते रिकामी असतील तेव्हा भाड्याने घ्यायची, आणि पोट भरायला मधे मधे गावोगाव फिरून बाहेरच्या मॅचेस खेळायच्या, ज्या आज रेकॉर्डमध्ये धरतच नाहीत. आणि कोविडमुळे २०२० चा सीझन ६० मॅचेसचा झाला, तेव्हा डीजे लेमेह्यूने .३६४ वर बॅटिंग टायटल (सीझनच्या सर्वोच्च ॲव्हरेजचा मान) घेतलं, ते कुणी वेगळ्या यादीत टाकलं का?

निळी_टोपी:
+१. आणि मला कायम हे खटकतं की शंका फक्त एकाच बाजूच्या आकड्यांवर घेतात, बेब रूथने १९२७ ला ६० होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले तेव्हा त्याच्यासमोर मेजर लीगमध्ये एकही ब्लॅक पिचर (बॉल टाकणारा) नव्हता कारण त्यांना येऊच देत नव्हते, ब्लॅक पिचर सॅचेल पेज त्या काळात निग्रो लीग्जमध्ये बॉल टाकत होता आणि त्याला मेजर लीगमध्ये पहिला बॉल टाकायला मिळाला १९४८ मध्ये क्लीव्हलँडकडून, वयाच्या ४२ व्या वर्षी, आणि गिब्सनला तर तेवढंही नाही, ही बंदी मोडणारा पहिला ब्लॅक खेळाडू जॅकी रॉबिन्सन एप्रिल १९४७ मध्ये मेजर लीगमधल्या डॉजर्सकडून उतरला त्याच्या तीनच महिने आधी गिब्सन ३५ व्या वर्षी गेला.

परखड:
माझा विरोध वेगळ्याच कारणाने आहे. मेजर लीगने शिक्का मारला म्हणून त्या लीग्ज मोठ्या झाल्या का? रूब फॉस्टरने १९२० मध्ये कॅन्सस सिटीच्या वायएमसीएमध्ये बाकीच्या मालकांना बसवून लीग उभी केली, स्वतःच्या हिमतीवर. पुढे डॉजर्सचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून रॉबिन्सन नेला, नेवार्क ईगल्सकडून डॉन न्यूकम नेला, आणि ह्या ब्लॅक टीम्सना एक पैसा दिला नाही. ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली ह्याविरुद्ध उघड बोलत होत्या. चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक गेले, लीग्ज बसल्या. ज्यांनी आधी दार बंद ठेवलं आणि मग फुकट माल उचलला तेच आज सर्टिफिकेट देणार, ह्याचा मला राग येतो.

डगआऊट:
राग बरोबर आहे, मलाही येतो. पण म्हणून आकडे बाहेरच ठेवायचे तर शिक्षा परत त्याच खेळाडूंना ना? पुढे मेजर लीगमध्ये गाजलेल्या विली मेजचे निग्रो लीगच्या बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून १९४८ मधले १० हिट्स धरले गेले, ३२८३ चे ३२९३ झाले, आणि जून २०२४ मध्ये तो गेला त्याच्या काही दिवस आधी. त्याच्या हयातीत झालं ह्याचं मोल आहे हो.

आकडेमोड:
२०२० च्या सीझनचा मुद्दा मान्य, पण तेव्हाची प्रत्येक मॅच नोंदलेली आहे, इथे तसं नाही. गिब्सनच्या हॉल ऑफ फेमच्या पाटीवर जवळजवळ ८०० होमरन लिहिलंय, अशा ऐकीव आकड्यांवर कसा भरवसा ठेवायचा?

निळी_टोपी:
अहो पण तो ८०० चा आकडा धरलेलाच नाही! अधिकृत रेकॉर्डमध्ये त्याचे होमरन २०० च्या पण आत आहेत. अभ्यासकांनी पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडरसारख्या ब्लॅक पेपरांमधले बॉक्सस्कोअर (मॅचच्या आकड्यांचे तक्ते) वर्षानुवर्षं चाळले आणि लीगच्या ज्या मॅचेसचा पुरावा मिळाला तेवढ्याच घेतल्या. उलट त्याचं नुकसान झालंय ह्यात.

आकडेमोड:
ठीक, करिअरचं एक वेळ समजू शकतो. सीझनच्या यादीबद्दल मत तेच आहे, १५४ मॅचेस आणि ७०-८० मॅचेस एका ओळीत नकोत.

परखड:
मग मेजर लीगने अजून एक करावं. केनेसॉ माउंटन लँडिस १९२० पासून १९४४ पर्यंत मेजर लीगचा कमिशनर (प्रमुख) होता, त्याच्या पूर्ण काळात एकही ब्लॅक खेळाडू आत आला नाही, आणि एमव्हीपीच्या (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) पाटीवर मात्र त्याचं नाव वर्षानुवर्षं होतं. २०२० मध्ये काढलं. ती जागा गिब्सनच्या नावाने भरा, नुसते कॉम्प्युटरमधले आकडे बदलून मला समाधान नाही.